सुईणपणातील नेतृत्व

(सोनारी येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील महिला सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी पत्र धाडून 'नेतृत्व' या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे अशी इच्छा कळविली, तेव्हा प्रथम आम्ही नकारच देणार होतो. नेतृत्व म्हटले की व्यासपीठ, हारतुरे आणि ध्वनिक्षेपक डोळ्यांपुढे उभे राहतात. आमचे आयुष्य मात्र ज्या खोलीत गेले तेथे हार नसतात, टाळ्या नसतात, आणि दारही बहुधा लोटलेलेच असते. आम्ही छत्तीस वर्षे बाळंतपणे केली. कोणी आम्हांस नर्सबाई म्हणाले, कोणी सिस्टर म्हणाले, खेड्यातल्या म्हाताऱ्या सुईणबाई म्हणाल्या. नेत्या असे कोणीच म्हणाले नाही. परंतु विचार करता असे ध्यानी आले की, चार माणसे घाबरलेली असताना एकाने शांत राहून पुढचे पाऊल सांगावे, यालाच जर नेतृत्व म्हणावयाचे असेल, तर त्याची गरज त्या लोटलेल्या दाराआड जितकी आहे तितकी सभामंडपातही नसेल. म्हणून आज त्याच खोलीतील नेतृत्वाविषयी बोलावे असे योजिले आहे.

सोनारीस येणाऱ्याला श्रीकाळभैरवनाथाचे दर्शन घडते तसे देवळाच्या आवारातील वानरांचेही घडते. आज सकाळीच एक वानरी पोटाशी पिलू धरून या भिंतीवरून त्या भिंतीवर झेप घेत होती. तिच्या बाळंतपणाला कोणी सुईण आली नव्हती. पिलू जन्मताना बहुतेक वानरजातींत त्याचे तोंड आईच्या बाजूला असते. ती आपल्याच हातांनी त्याला वर ओढून घेऊ शकते. माणसाचे मूल मात्र बहुधा आईच्या पाठीकडे तोंड करून बाहेर येते. आईने स्वतः ओढू गेल्यास त्याची मान उलट्या बाजूस वाकावयाची. शिवाय माणसाचे डोके मोठे आणि वाट चिंचोळी. म्हणून मनुष्यजातीला पहिल्यापासून दुसऱ्या बाईचा हात लागत आला आहे. सुईणपण हा कदाचित जगातील सर्वांत जुना परोपकार असेल, आणि तो ज्यांनी केला त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत.

आमच्या लहानपणी या भागात प्रत्येक गावाची एक सुईण असे. ती पुष्कळदा गावकुसाबाहेरची असे. एरवी जिला उंबऱ्याच्या आत घेतले जात नसे, तिला कळा सुरू होताच मध्यरात्री कंदील घेऊन बोलवायला धावत. वाड्यातील सर्वांत आतल्या खोलीत ती जाई. जन्मणाऱ्या जिवाला पहिला स्पर्श तिचाच होई. बारा दिवस झाले, बाळंतीण न्हाली, खोली सारवली, की ती पुन्हा उंबऱ्याबाहेर. चोळीचे कापड व पायलीभर ज्वारी तिच्या पदरात पडे, आणि तीही वरून टाकलेली. आपण सारे याच हातांवर जन्मलो आहो, तेव्हा ज्ञातीच्या सभेत ही गोष्ट बोलून दाखविणे आम्हांस अवश्य वाटते.

त्या सुइणीपाशी दोन गोष्टी होत्या व एक नव्हती. अनुभव होता आणि अधिकार होता; म्हणजे त्या चार प्रहरांपुरता होता. सासूला ती गप्प बसवी, पुरुषांना ओसरीवर पिटाळी, 'पाणी तापवा' म्हणाली की पाणी तापे. शास्त्र मात्र नव्हते. नाळ विळ्याने कापली जाई, तीवर राख दाबली जाई, आणि सहाव्या-सातव्या दिवशी मूल आखडून धनुर्वाताने जाई. लोक म्हणत, सटवाईने नेले. लस व स्वच्छ नाळ यांमुळे माता व नवजात बालक यांचा धनुर्वात देशातून हटला असे जाहीर व्हावयास २०१५ साल उजाडले. म्हणून जुने ते सोने असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जुन्या सुइणीला जो अधिकार होता, तो शास्त्र शिकलेल्या नव्या परिचारिकेला मिळाला का, हा आमच्या भाषणाचा मुख्य प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर आमच्याच एका अपराधातून द्यावयाचे आहे.

चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नुकत्याच शिकून एका तालुक्याच्या गावी रुजू झालो होतो. त्या गावाचे व दवाखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. श्रावणातली रात्र होती. एका शेतकरी बाईचे तिसरे बाळंतपण सुखरूप झाले. मुलगा झाला, वार पडली, सारे समाधानाने हात धुऊ लागले. थोड्या वेळाने आम्ही तिच्या ओटीपोटावर हात ठेवून पाहिला. गर्भाशय त्या वेळी नारळासारखे टणक लागावयास हवे. ते भिजलेल्या कणकेसारखे मऊ लागले. खालची घडी बदलली, ती भिजली; दुसरी बदलली, तीही भिजली. आमच्या वरच्या बाई अनुभवी होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं जातंच, घाबरू नकोस." डॉक्टरांचे बिऱ्हाड हाकेच्या अंतरावर होते. आमच्या मनात आले की धावत जावे आणि त्यांना उठवून आणावे. पण वरिष्ठांस ओलांडून कसे जावे? उद्या बोलणी बसतील. नवी पोर शहाणपणा करते म्हणतील. आम्ही घड्याळाकडे पाहत उभ्या राहिलो. चाळीस मिनिटे गेली. मग बाईंनाच भीती वाटली, मग डॉक्टर आले, मग जीप शोधली गेली. दिवस उगवण्यापूर्वी वाटेतच ती गेली.

तिच्या नवऱ्याने आम्हांस एकच प्रश्न विचारला. "बाई, तुमच्या आधी ध्यानात आलं नव्हतं का?" आम्ही मान खाली घातली. आले होते. सारे काही ध्यानात आले होते. आम्हांपाशी डोळे होते, हात होते, विद्या होती, तोंड नव्हते. त्या रात्री ती बाई अज्ञानाने गेली नाही, ती आमच्या मौनाने गेली. वरच्या बाईंना आम्ही दोष देत नाही. त्यांनाही कोणी शिकविले नव्हते की हाताखालच्या पोरीचे ऐकावे.

त्या रात्रीपासून नेतृत्व म्हणजे काय, हे आम्ही हळूहळू शिकलो. ते जन्मजात नसते. भाकरी थापण्यासारखे ते हाताला वळण लावून येते. त्याची अंगे आम्हांस जशी समजली तशी सांगतो.

पहिले अंग मोजण्याचे. अंदाज माणसागणिक बदलतो; माप बदलत नाही. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर वा त्याहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटल्यावर गर्भाशय आवळले तरच त्या उघड्या नसा बंद होतात. ते सैल राहिले तर किती वेळ हाती असतो, याचा हिशेब आपणच करून पाहावा. प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटरपर्यंत रक्त जाणे ही धोक्याची रेघ मानतात. परंतु जिच्या अंगात आधीच रक्त कमी, तिला ती रेघही फार दूरची ठरते, आणि महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांतील ऐंशी रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांनी काही नवे औषध काढले नव्हते. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली एक पिशवी ठेवली, आणि रेघ ओलांडताच गर्भाशय चोळणे, आवळण्याचे औषध, रक्त थांबविण्याचे औषध, शिरेतून पाणी व पुढची तपासणी हे सारे एकामागून एक वाट न पाहता लगोलग करावयाचे ठरविले. जेथे असे केले तेथे गंभीर रक्तस्राव, त्यामुळे करावी लागणारी शस्त्रक्रिया आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटले. औषधे जुनीच होती. डोळ्यांच्या अंदाजाची जागा मापाने घेतली, आणि माप ओलांडल्यावर काय करावयाचे हे आधीच ठरलेले असल्याने कोणाच्या हुकुमाची वाट पाहणे उरले नाही. आमची चाळीस मिनिटे त्या पिशवीने वाचविली असती.

दुसरे अंग बोलण्याचे. "डॉक्टर, जरा येऊन बघता का?" या बोलण्याला अर्थ नाही, झोपेतला माणूस कूस बदलून 'येतो' म्हणेल. आम्ही आमच्या मुलींना चार वाक्ये पाठ करवून घेत असू. ही बाई कोण. आतापर्यंत काय झाले. मला काय वाटते. आणि मला आत्ता काय हवे. "तिसरी खेप, बाळंत होऊन वीस मिनिटे झाली, दोन घड्या भिजल्या, गर्भाशय मऊ आहे. ते आवळत नाही असे मला वाटते. तुम्ही आत्ता या, आणि गाडी तयार ठेवायला मी सांगते आहे." यात उद्धटपणा कोठेही नाही, आणि संदेहही कोठे नाही.

तिसरे अंग काम वाटून देण्याचे. घाईच्या वेळी 'कोणीतरी पाणी लावा रे' असे म्हटले तर कोणीच लावत नाही, किंवा तिघी धावतात. नाव घेऊन सांगावे, आणि झाले का ते विचारावे. जिने सारे स्वतःच्या हातांनी करावयाचे ठरविले तिचे लक्ष बाळंतिणीच्या चेहऱ्यावरून उडते, आणि पुष्कळदा पहिली खूण चेहऱ्यावरच उमटते.

चौथे अंग ऐकण्याचे. आमच्या हाती थोडा अधिकार आल्यावर आम्ही एक नियम घातला: अवघड बाळंतपणानंतर सर्वांनी दहा मिनिटे बसावे, आणि प्रथम सर्वांत धाकटीने बोलावे; मग आयाबाईंनी, मग परिचारिकांनी, शेवटी आम्ही. 'कोणी केले' हा प्रश्न त्या बैठकीत विचारावयाचा नाही. 'काय झाले' एवढेच विचारावयाचे. पहिले दोन महिने धाकट्या मुली काही बोलेनात. तिसऱ्या महिन्यात एक आयाबाई म्हणाली, "बाई, तुम्ही रागावला होता म्हणून मी सांगितलं नाही, पण तिचा पाय सुजलेला मी सकाळीच पाहिला होता." त्या दिवशी आम्हांस कळले की, ज्या भिंतीपुढे आम्ही एके काळी मुक्याने उभ्या होतो, ती भिंत आता आम्हीच झालो होतो.

पाचवे अंग थांबण्याचे. निरोगी बाईच्या कळा निसर्गाच्या चालीने चालू द्याव्यात. तिला हिंडू फिरू द्यावे, धीर द्यावा, ठरलेल्या वेळी तपासून आलेखावर खूण करावी, आणि उगाच हात घालू नये. हा धीर आज दुर्मिळ झाला आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील खासगी दवाखान्यांतील ४७.४ टक्के बाळंतपणे पोट फाडून झाली. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. शस्त्रक्रियेने लक्षावधी माता वाचल्या आहेत, तिला नावे ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. परंतु खासगी दवाखान्याची पायरी चढताच दर दोघींतल्या जवळपास एकीची वाट बंद होते, हे मान्य करणे कठीण आहे. केव्हा थांबावे आणि केव्हा एक क्षणही थांबू नये, हे जिला कळले ती खरी सुईण.

आता कोणी म्हणेल, "हे सारे खरे, पण सुईण सांगेल आणि जग ऐकेल, असे कधी झाले आहे काय?" यावर दोन उदाहरणे देतो: एक दूरचे व एक अगदी शेजारचे.

दूरचे उदाहरण व्हिएन्ना शहराचे. तेथील मोठ्या प्रसूतिगृहात दोन विभाग होते. एकात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने दगावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुइणींच्या विभागाहून कितीतरी अधिक होते, आणि 'आम्हांस सुइणींकडे घाला' म्हणून गरीब बाया हातापाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने १८४७ साली कारण शोधून काढले. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत होते. चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवावयास लावताच मृत्यू झपाट्याने घटले. परंतु मोठ्यांनी त्याचे मानले नाही. तो चिडला, कडवट पत्रे लिहू लागला, एकाकी पडला, आणि १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला. यातून आम्ही एवढे घेतले की, खरे असणे पुरेसे नाही. ते दुसऱ्याच्या गळी उतरेल असे मांडण्याची कलाही शिकावी लागते.

त्याच १८६५ साली कल्याण येथे यमुना जोशी, म्हणजे पुढे आनंदीबाई जोशी, या जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्या माता झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्यांनी वैद्यक शिकण्याचा निश्चय केला आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आपल्या लोकांतील प्रसूतिशास्त्र हाच होता. पुढल्याच वर्षी, वयाच्या बावीस वर्षांच्या आत, त्या क्षयाने गेल्या. त्यांच्यामागून डॉ. रखमाबाई आल्या. बालपणी लावलेले लग्न न मानण्यासाठी न्यायालयात झगडलेल्या या बाईंनी विलायतेत वैद्यक शिकून सुरत व राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णालयांत आयुष्य वेचले. या दोघींचे चरित्र मुलींनी अवश्य वाचावे. तथापि त्या डॉक्टर होत्या. ज्या बाईला अक्षरओळखही नाही तिच्यात नेतृत्व उभे करता येते काय? याचे उत्तर येथून फार दूर नाही. परंड्याच्या रस्त्याने खर्ड्यावरून जामखेडला जावे.

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले. दुष्काळी मुलूख, रस्ते नाहीत, आणि खेड्यात राहावयास शिकलेल्या परिचारिका तयार नाहीत. तेव्हा त्यांनी गावागावांतूनच बाया निवडल्या. त्यांत दलित होत्या, परित्यक्ता होत्या, पुष्कळजणी निरक्षर होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र झोपत, एकत्र शिकत. आधी मने जुळविणे आणि मग औषधे शिकविणे, असा तो क्रम होता. गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, धोक्याची लक्षणे ओळखणे, आणि गावात चारचौघांत उभे राहून बोलणे, हे सारे त्या शिकल्या. ज्यांना पूर्वी पाणवठ्यावर येऊ दिले जात नसे, त्यांच्या सल्ल्याने वाड्यांतील सुना बाळंत होऊ लागल्या. त्यांपैकी मुक्ताबाई पोळ यांनी १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे मोठ्या परिषदेपुढे भाषण केले. सभागृहातील झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सुचविले की मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि दूरचे. मग पिशवीतून दोन पणत्या काढल्या, एक पेटविली आणि तिने दुसरी पेटवून दाखविली. आपल्या शेजारच्या मुलखातील एका खेडुत बाईने केलेले हे भाषण नेतृत्वाचा उत्तम पाठ आहे. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. आम्ही म्हणू, त्याचा मोठा वाटा त्या बायांचा होता.

तसेच गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी एकोणचाळीस गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा करावयास शिकविले. नवजात बालकांचे मृत्यू इतर गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. तेथेही यंत्रे नव्हती. शिकविलेल्या बाईवर विश्वास टाकला होता, आणि ती त्यास उतरली.

आजची स्थितीही न्यायाने सांगितली पाहिजे. २००४–०६ या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत. २०१८–२० मध्ये तो आकडा ३३ वर आला. २००५ सालापासून आशा कार्यकर्त्या आल्या, जननी सुरक्षा योजना आली, पुढे रुग्णवाहिका आल्या. २०१९–२१ च्या पाहणीत राज्यातील ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाल्याचे दिसले. हे थोर यश आहे. परंतु दवाखान्याच्या दारात पोहोचणे वेगळे आणि आत गेल्यावर वेळेवर योग्य माणसाने निर्णय घेणे वेगळे. त्यासाठीच केंद्र सरकारने २०१८ साली सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. अनुभवी परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष शिक्षण देऊन, साध्या बाळंतपणाचा निर्णय व जबाबदारी त्यांच्याकडे सोपवावी, आणि अशा सुइणींनी चालविलेले विभाग मोठ्या रुग्णालयांत असावेत, असा त्याचा आशय आहे. ज्या हैदराबादच्या राज्यात आपला हा मुलूख १९५६ पर्यंत होता, त्या शहरातील फर्नांडिस रुग्णालयाने २०११ पासूनच असे शिक्षण सुरू केले होते. जगाचा हिशेब पाहिला तर २०२१ च्या जागतिक अहवालाप्रमाणे सुमारे नऊ लाख सुइणींची उणीव आहे. आपल्या मुलींना यात केवढे क्षेत्र आहे, याचा विचार पालकांनी करावा.

येथवर आम्ही सुइणींना उपदेश केला. आता घरच्या मंडळींची पाळी. माता दगावण्यास तीन विलंब कारण होतात असे १९९४ साली दोघा अभ्यासकांनी मांडले: घरातून निघण्याचा निर्णय घेण्यात होणारा विलंब, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातला विलंब, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. दुसऱ्याला रस्ता जबाबदार, तिसऱ्याला आम्ही; पहिला मात्र आपल्या माजघरातला. 'मालक शेतातून येऊ द्यात', 'सासूबाईंना विचारू', 'आज अमावास्या आहे', 'पहिली दोन घरीच झाली की' — ही वाक्ये आम्ही इतक्या वेळा ऐकली आहेत की दारात ती कानी पडताच आमचा हात घड्याळाकडे जातो. सुईण कितीही शहाणी असो, घराने तिला तोंड उघडू दिले नाही तर तिचे शहाणपण उंबऱ्यातच राहते.

म्हणून मंडळापुढे चार विनंत्या ठेवितो.

पहिली: मंडळाच्या विद्यार्थिसाहाय्य निधीतून अभियांत्रिकी व वैद्यक यांना जसे साहाय्य मिळते, तसेच व तितक्याच मानाने परिचारिका व सुईणकामाच्या शिक्षणासही मिळावे.

दुसरी विनंती बोलावयास अवघड आहे. मंडळाच्या वधूवर नोंदवहीत 'नर्स नको' असा शेरा आम्ही स्वतः पाहिला आहे. रात्रपाळी करते, परक्यांच्या अंगाला हात लावते, चारचौघांत बोलते, हे तिचे दोष सांगतात. ज्या घरात असा शेरा लिहिला गेला त्या घरची सून अडली, तेव्हा रात्री दोन वाजता कोणाच्या हाताची वाट पाहिली गेली? जो हात संकटात पवित्र वाटतो तो बोहल्यावर अपवित्र कसा होतो? हा शेरा वहीतून जावा, आणि त्याआधी मनातून जावा.

तिसरी: ज्या घरात सून वा लेक गरोदर आहे त्या घराने सातव्या महिन्यातच चार गोष्टी ठरवून भिंतीवर लिहून ठेवाव्या. कोणत्या दवाखान्यात जावयाचे, गाडी कोणाची, रक्त देणारे दोघे कोण, आणि घरचा कर्ता नसेल तेव्हा निर्णय कोणाचा. या चौथ्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे की, तो त्या बाईचा स्वतःचा, आणि तिच्याजवळ असलेल्या सुइणीच्या सल्ल्याने. ओटभरणाचा थाट खुशाल करावा. पण हा कागद ओटीच्या नारळाइतकाच आवश्यक मानावा.

चौथी व शेवटची: या भागातील गावोगावी अजून काही म्हाताऱ्या सुइणी हयात आहेत. पुढील मेळाव्यास त्यांना सन्मानाने बोलवावे. त्या आपल्या ज्ञातीच्या नसतील, बहुधा नसतीलच. आपल्यातील अनेकांना प्रथम हातावर घेणारी बाई कोण्या ज्ञातीची होती हे त्या क्षणी कोणी विचारले नव्हते. जी ज्वारी वरून टाकली, तिची फेड एका साडीने होणार नाही हे आम्ही जाणतो. तथापि त्यांना व्यासपीठावर, आपल्या शेजारी, आपल्याच पंगतीत बसवावे. ज्ञातिमंडळाची शोभा त्याने कमी होणार नाही, वाढेलच.

त्या श्रावणातल्या रात्री जन्मलेला मुलगा आज चाळिशीचा असेल. तो कोठे आहे आम्हांस ठाऊक नाही. त्यानंतर हजारो बाळंतपणे या हातांनी झाली, पण ओटीपोटावर हात ठेवताना प्रत्येक वेळी आम्हांस त्याच्या आईची आठवण झाली, आणि प्रत्येक वेळी आम्ही एक क्षण आधी बोललो. तिचे ऋण आम्ही असेच फेडीत आलो. या सभेत ज्या मुली बसल्या आहेत त्यांपैकी दोघी-चौघी जरी या कामास निघाल्या, आणि गरज पडेल तेव्हा वरिष्ठांपुढे, सासऱ्यांपुढे, मोठ्या डॉक्टरांपुढे मान वर करून चार वाक्ये नीट बोलल्या, तर आमचे आजचे येणे सार्थकी लागले असे आम्ही मानू.